व्यवस्थापन पदवीचे शैक्षणिक नियम : हजेरीपासून ब्लॅक बुकपर्यंत

गेली अनेक वर्षे मी महाविद्यालयाच्या उपस्थिती आणि परीक्षा समित्यांचे काम करत आले आहे. सत्र नामंजूर झालेल्या किंवा निकाल राखून ठेवलेल्या विद्यार्थ्यांचे अर्ज वाचताना एक गोष्ट मला दरवेळी अस्वस्थ करते. यांतील कितीतरी मुलांना अभ्यास झेपत होता. त्यांना नियम कळला तो त्याची मुदत उलटून गेल्यावर. ठाणे आणि नवी मुंबई परिसरात बीएमएस, बीबीए किंवा बीकॉम मॅनेजमेंट स्टडीजला नुकताच प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांनी पहिल्या पंधरवड्यातच काय पाहावे, कोणती आकडेमोड करावी आणि कोणते कागद जपून ठेवावेत, हे सांगण्यासाठी हा लेख लिहिला आहे.

आपले नियम कोण ठरवते, हे आधी शोधा

घोडबंदर रस्त्यावर एकमेकांशेजारी राहणाऱ्या दोन मैत्रिणी एकाच नावाच्या पदवीला असल्या, तरी त्यांचे नियम वेगळे असू शकतात. एकीचे महाविद्यालय मुंबई विद्यापीठाशी संलग्न असेल, तर तिची अंतिम लेखी परीक्षा, श्रेणी आणि उत्तीर्णतेचे निकष विद्यापीठाच्या परिपत्रकांनुसार चालतील. दुसरीचे महाविद्यालय स्वायत्त असेल, तर पदवी मुंबई विद्यापीठाचीच मिळेल, पण प्रश्नपत्रिका, गुणांची विभागणी आणि पुनर्परीक्षेची पद्धत ठरवण्याचा अधिकार महाविद्यालयाच्या स्वतःच्या मंडळांकडे असेल. नवी मुंबईत अभिमत आणि खासगी विद्यापीठेही आहेत आणि ती आपली पदवी स्वतःच देतात. त्यामुळे वरच्या वर्गातील ओळखीच्या मुलाने सांगितलेला नियम आपल्याला लागू असेलच, असे गृहीत धरू नये. त्याच महाविद्यालयातील दोन वर्षांपूर्वीचा नियमही आज बदललेला असू शकतो.

हा सावधपणा सध्या विशेष गरजेचा आहे. महाराष्ट्रात राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवीची नवी रचना स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाली. त्याच २०२४-२५ मध्ये बीबीए, बीएमएस आणि बीसीए हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले, त्यांच्या प्रवेशासाठी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा सुरू झाली आणि काही महाविद्यालयांनी व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम बीकॉम मॅनेजमेंट स्टडीज या नावाने चालवण्यास सुरुवात केली. आपल्या प्रवेशपत्रावर पदवीचे नेमके नाव काय आहे आणि आपण कोणत्या वर्षीच्या अभ्यासक्रमात आहोत, या दोन गोष्टी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. कोणत्याही अर्जात आणि चौकशीत त्या लागणार आहेत.

हजेरीचा हिशेब दर महिन्याला स्वतः करा

मुंबई विद्यापीठाच्या ६०८६ क्रमांकाच्या अध्यादेशानुसार सत्र मंजूर होण्यासाठी, म्हणजे परीक्षेला बसू दिले जाण्यासाठी, सर्व विषयांची मिळून सरासरी ७५ टक्के उपस्थिती लागते आणि प्रत्येक विषयात किमान ५० टक्के उपस्थिती असावी लागते. विद्यार्थ्यांच्या लक्षात पहिली अट राहते आणि दुसरी राहत नाही. मार्केटिंगचा एकही तास न चुकवणारा विद्यार्थी अकाउंट्सच्या ६० तासांपैकी २८ तासांनाच बसला असेल, तर त्याची सरासरी ८० टक्के असली तरी तो अडचणीत येतो.

आता सरासरीचा हिशेब पाहू. एका सत्रात २२ श्रेयांक (क्रेडिट) आहेत आणि सर्व विषय लेखी स्वरूपाचे आहेत, असे धरू. एका श्रेयांकासाठी १५ तास या मापाने सत्राचे एकूण ३३० तास होतात. त्यांचे ७५ टक्के म्हणजे साधारण २४८ तास, म्हणजेच संपूर्ण सत्रात जास्तीत जास्त ८२ तास चुकवता येतात. हा आकडा मोठा वाटतो आणि तेथेच फसगत होते. सकाळी सातच्या तासाला पोहोचण्यासाठी कळव्याहून किंवा पनवेलहून निघणारा विद्यार्थी ट्रान्स हार्बरची एक लोकल चुकली म्हणून रोज पहिला तास गमावत असेल, तर आठवड्याचे सहा दिवस आणि पंधरा आठवडे यांचा गुणाकार ९० होतो. त्याने एकही पूर्ण दिवस दांडी मारलेली नसते, तरी त्याचे नाव डिफॉल्टर, म्हणजे कमी उपस्थिती असलेल्यांच्या यादीत येते. आजारपण, घरातील लग्नकार्य किंवा गणपतीसाठी गावी जाणे या गोष्टी या हिशेबात अजून धरलेल्याही नाहीत.

उपस्थिती कमी पडल्यास खऱ्या कारणासाठी सवलत देण्याची तरतूद नियमांत आहे आणि महाविद्यालयातर्फे झालेल्या अभ्यास सहली व क्षेत्रभेटी हजेरीत धरल्या जातात. मात्र सवलत ही मागावी लागते आणि ती पुराव्यावर मिळते. डॉक्टरांचे प्रमाणपत्र बरे होऊन परतल्यावर आठवड्याच्या आत कार्यालयात द्यावे, त्याच्या छायाप्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्यावी. सत्राच्या शेवटी यादी लागल्यानंतर चार महिन्यांपूर्वीच्या तापाचे प्रमाणपत्र आणले, की समितीतील कोणाही सदस्याला ते मान्य करणे अवघड जाते. मुलगा खरेच आजारी असला तरीही. क्रीडास्पर्धा, राष्ट्रीय सेवा योजना किंवा राष्ट्रीय छात्र सेनेच्या शिबिराला जाणाऱ्यांनी संबंधित प्राध्यापकांचे पत्र जाण्यापूर्वीच दाखल करावे.

येथे नोकरीबद्दल स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. महापे, ऐरोली आणि वागळे इस्टेट या भागांत पदवीच्या विद्यार्थ्यांना अर्धवेळ काम सहज मिळते, आणि अनेकांना घरच्या परिस्थितीमुळे ते करावेच लागते. माझ्या वर्गातील एका मुलीने दुसऱ्या वर्षी असे काम धरले. कामाच्या वेळा तिने आम्हाला कधीच सांगितल्या नाहीत आणि सत्राच्या अखेरीस तिची उपस्थिती ६० टक्क्यांच्याही खाली गेली. तिने सुरुवातीलाच सांगितले असते, तर वेळापत्रकाची दुसरी तुकडी किंवा कामाची दुसरी पाळी, यांपैकी काहीतरी जमवता आले असते. नोकरीचे पत्र हे अनुपस्थितीचे मान्य कारण ठरत नाही, हे नोकरी स्वीकारण्यापूर्वी समजून घ्यावे.

अंतर्गत गुण हा उत्तीर्णतेचा वेगळा उंबरठा आहे

शाळेत आणि बारावीत तोंडी परीक्षेचे गुण बहुधा हातचेच असत, त्यामुळे महाविद्यालयातील इंटर्नलकडेही विद्यार्थी त्याच नजरेने पाहतात. प्रत्यक्षात लेखी परीक्षा आणि अंतर्गत मूल्यमापन या दोन्हींत स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागते. जुन्या ७५:२५ या पद्धतीत लेखी परीक्षेत ३० आणि अंतर्गत मूल्यमापनात १० गुण आवश्यक असत. विषयाची विभागणी ६०:४० अशी असेल आणि प्रत्येक भागात ४० टक्के लागत असतील, तर हे आकडे २४ आणि १६ होतात. एखाद्याला लेखी परीक्षेत ६० पैकी ५२ आणि अंतर्गत भागात ४० पैकी १२ मिळाले, तर बेरीज ६४ होते आणि तरीही त्या विषयात तो अनुत्तीर्ण राहतो.

म्हणून प्रत्येक विषयाच्या पहिल्या तासाला अंतर्गत गुण कशाकशाचे आहेत, हे विचारून तारखांसह लिहून घ्यावे. वर्गचाचणी, सादरीकरण, प्रकल्प आणि वर्गातील सहभाग यांचे प्रमाण प्रत्येक विषयात वेगळे असू शकते. चाचणीच्या दिवशी पावसामुळे लोकल बंद पडली किंवा घरी काही विपरीत घडले, तर त्याच दिवशी विषयशिक्षकांना आणि परीक्षा विभागाला ईमेल करावा आणि दुसऱ्या दिवशी पुनर्चाचणीसाठी लेखी अर्ज द्यावा. व्हॉट्सॲपच्या गटावर टाकलेला संदेश हा अर्ज होत नाही. गटसादरीकरणात कोणी कोणता भाग केला, हे पहिल्या पानावर लिहिण्याची सवय ठेवावी, म्हणजे एकाने केलेल्या कामावर चौघांनी गुण घेतल्याची कटुता टळते आणि शिक्षकांनाही न्याय करता येतो.

श्रेयांक आणि श्रेणी यांचे गणित

नव्या रचनेत पहिल्या सत्राचे २२ श्रेयांक मुख्य विषय, खुले ऐच्छिक विषय, व्यावसायिक आणि कौशल्य विषय, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली आणि सहअभ्यासक्रम यांत विभागलेले असतात. श्रेणीला गुणांक असतो: ओ साठी १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी ४ आणि एफ ला शून्य. प्रत्येक विषयाचा श्रेयांक आणि गुणांक यांचा गुणाकार करून त्यांची बेरीज एकूण श्रेयांकांनी भागली, की सत्राची सरासरी म्हणजे एसजीपीए मिळतो.

उदाहरणार्थ, चार श्रेयांकांच्या मुख्य विषयात बी प्लस म्हणजे २८. दोन श्रेयांकांच्या दुसऱ्या मुख्य विषयात ए म्हणजे १६. दोन खुल्या विषयांत ए आणि ए प्लस मिळून ३४. आणि उरलेल्या दोन-दोन श्रेयांकांच्या सहा विषयांत अनुक्रमे १४, १६, १२, १८, १६ आणि २०. ही बेरीज १७४ होते आणि २२ ने भागल्यावर ७.९१ मिळतात. आता याच विद्यार्थ्याने चार श्रेयांकांच्या विषयात बी प्लसऐवजी ओ मिळवला असता, तर सरासरी ८.४५ झाली असती. तेवढीच तीन पायऱ्यांची सुधारणा दोन श्रेयांकांच्या एखाद्या विषयात झाली असती, तर ती ८.१८ वर थांबली असती. अभ्यासाचे तास कोठे द्यायचे, याचा निर्णय या गणिताच्या आधारे घ्यावा. मात्र दोन श्रेयांकांचा विषय सोडून देऊ नये, कारण तेथे एफ आला तर ते श्रेयांक जमाच होत नाहीत.

जमा झालेले श्रेयांक शैक्षणिक श्रेयांक पेढीत नोंदवले जातात. त्यासाठी डिजिलॉकरवर खाते आणि अपार हा विद्यार्थ्याचा कायमचा १२ अंकी ओळख क्रमांक लागतो. खात्यातील नाव, आधारवरील नाव आणि प्रवेशपत्रावरील नाव यांत वडिलांच्या नावाचा किंवा स्पेलिंगचा फरक असेल, तर तो पहिल्याच सत्रात दुरुस्त करून घ्यावा. तिसऱ्या वर्षी ही धावपळ फार त्रासाची होते. पहिल्या वर्षानंतर ४४ श्रेयांकांवर आणखी ४ श्रेयांकांचा कौशल्याधारित अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप पूर्ण करून प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडण्याची, आणि पुढे मुदतीत परत येण्याची सोय या रचनेत आहे. घरच्या अडचणीमुळे शिक्षण थांबवावे लागत असेल, तर नुसते येणे बंद करू नका. रीतसर बाहेर पडलात, तर केलेला अभ्यास तुमच्या नावावर राहतो.

केटी लागली तर

एखादा विषय राहिला तरी पुढील सत्रात बसण्याची परवानगी, म्हणजे एटीकेटी, मर्यादित प्रमाणात मिळते. ती मर्यादा तुमच्या प्रवेशवर्षाच्या परिपत्रकात पाहावी आणि परीक्षा विभागाकडून तोंडी नव्हे, तर त्या परिपत्रकाची प्रत घेऊनच समजून घ्यावी. आधीच्या सत्रांतील विषय सुटेपर्यंत शेवटच्या सत्राचा निकाल राखून ठेवला जातो, ही गोष्ट तिसऱ्या वर्षात नोकरीचे पत्र हातात आल्यावर बोचते. केटीचा, म्हणजे राहिलेल्या विषयाचा, परीक्षा अर्ज नियमित अर्जापेक्षा वेगळा असतो आणि तो भरण्याची तारीखही वेगळी असू शकते. तो आपोआप भरला जात नाही.

परीक्षागृहातील नियम थोडक्यात सांगते, कारण त्यांत संदिग्धता नाही. प्रवेशपत्र आणि ओळखपत्र सोबत ठेवावे. मोबाईल बंद असला तरी तो जवळ बाळगणे हाच गैरप्रकार धरला जातो, आणि कंपासपेटीत विसरून राहिलेल्या चिठ्ठीबाबतही तेच घडते. असा प्रसंग आलाच, तर प्रकरण समितीपुढे जाते आणि विद्यार्थ्याला आपली बाजू मांडण्याची संधी मिळते. त्या वेळी पालकांसह उपस्थित राहून जे घडले तेच सांगावे. शिक्षेत त्या परीक्षेचा निकाल रद्द होण्यापासून पुढील परीक्षांना बसण्यास मनाई होण्यापर्यंत सर्व काही येते.

दिव्यांग आणि अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांसाठी लेखनिक आणि दर तासाला २० मिनिटे अधिक वेळ अशी सोय आहे. तिच्यासाठी प्रमाणपत्रासह अर्ज सत्राच्या सुरुवातीला करावा, परीक्षेच्या सकाळी नव्हे. संकोचापोटी ही सोय न मागणारी मुले मी पाहिली आहेत आणि त्यांच्या पालकांना माझे कळकळीचे सांगणे आहे, की हा हक्क आहे आणि तो घ्यावा.

ब्लॅक बुक : येथे प्रामाणिकपणा सर्वांत जास्त पणाला लागतो

काळ्या पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरे छापलेला अंतिम वर्षाचा प्रकल्प म्हणजे ब्लॅक बुक. स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानांत जुने प्रकल्प नाव बदलून मिळतात, ही गोष्ट विद्यार्थ्यांना ठाऊक आहे आणि आम्हा शिक्षकांनाही ठाऊक आहे. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, पहिले दोन प्रश्न विचारल्यावर असा प्रकल्प ओळखू येतो. प्रश्नावली कोणाला दिली, नमुना कसा निवडला आणि एका तक्त्यातील टक्केवारी कशी काढली, एवढेच विचारावे लागते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी विनियम काढले. प्रबंध आणि लघुप्रबंधांसाठी त्यांत साम्याच्या पायऱ्या दिल्या आहेत: १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, १० ते ४० टक्क्यांपर्यंत सुधारून सहा महिन्यांच्या आत पुन्हा सादर करणे, ४० ते ६० टक्क्यांना एक वर्ष सादरीकरणास मनाई आणि त्याहून अधिक साम्याला नोंदणी रद्द. श्रेयनिर्देशासह दिलेली अवतरणे आणि संदर्भसूची यांची या मोजणीतून वजावट होते. मात्र १० टक्के हा चोरीचा परवाना समजू नये. मूळ परिच्छेदातील शब्द बदलून वाक्यरचना तशीच ठेवली, तर सॉफ्टवेअरला कदाचित कळणार नाही, पण ते लेखन तुमचे होत नाही. मजकूर वाचावा, पुस्तक मिटावे, समजलेले आपल्या शब्दांत लिहावे आणि लेखक, ग्रंथ, प्रकाशन व वर्ष लगेच नोंदवावे. ‘नंतर लिहू’ म्हणून सोडलेला संदर्भ पुन्हा सापडत नाही.

चॅटजीपीटीसारख्या साधनांबद्दल तुमच्या मार्गदर्शकांचे म्हणणे लेखी विचारून घ्यावे. भाषा सुधारण्यासाठी मुभा मिळाली, तरी ही साधने अस्तित्वात नसलेले ग्रंथ आणि लेख संदर्भ म्हणून देतात, त्यामुळे स्वतः न पाहिलेला एकही संदर्भ सूचीत घालू नये.

याहून गंभीर दोष म्हणजे बनावट माहिती. गुगल फॉर्मवर शंभर प्रतिसाद हवेत म्हणून चौघा मित्रांनी पंचवीस-पंचवीस वेळा अर्ज भरायचा, ही पद्धत मला मनापासून दुखावते, कारण आपल्या परिसरात खरी माहिती मिळवणे अवघड नाही. वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत कांदा-बटाटा, मसाला, धान्य, फळे आणि भाजीपाला असे पाच बाजार आहेत. पहाटे जाऊन वीस गाळेधारकांशी आणि दहा माथाडी कामगारांशी बोललेला विद्यार्थी पुरवठा साखळीबद्दल जे लिहितो, ते शंभर खोट्या प्रतिसादांच्या आलेखातून येऊ शकत नाही. वीसच उत्तरे मिळाली, तर वीसच लिहावीत आणि नमुना लहान असल्याची मर्यादा नमूद करावी. त्यासाठी चांगला परीक्षक गुण कापत नाही. भरलेल्या प्रश्नावल्या, भेटीच्या तारखा आणि टिपणे व्हायवा होईपर्यंत जपून ठेवावीत, आणि ज्यांच्याशी बोललो त्यांची नावे परवानगीशिवाय छापू नयेत.

निर्णय पटला नाही, तर

निकाल लागल्यावर उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन यांसाठी मोजके दिवस असतात, म्हणून गुणपत्रिका पाहिल्या दिवशीच परिपत्रक वाचावे. आधी छायाप्रत मागवून ती विषयशिक्षकांना दाखवावी, बेरीज तपासावी, एखादे उत्तर तपासायचे राहिले आहे का ते पाहावे आणि मगच पुनर्मूल्यांकनाचे शुल्क भरावे. तपासलेली उत्तरपत्रिका ही माहितीच्या अधिकारात येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलेले आहे.

हजेरी, अंतर्गत गुण, राखून ठेवलेली कागदपत्रे किंवा पक्षपात यांविषयी तक्रार असेल, तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे अर्ज करता येतो. समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यावा, तो मान्य नसल्यास विद्यार्थ्याने १५ दिवसांत विद्यापीठाने नेमलेल्या लोकपालांकडे अपील करावे आणि लोकपालांनी ३० दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा, असा हा क्रम आहे. अर्ज एका पानाचा असावा. वर नाव, वर्ग, पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक) आणि तारीख. मग काय घडले ते तारखांच्या क्रमाने. मग कोणत्या नियमाचा आधार आहे. आणि शेवटी नेमकी मागणी काय आहे ती एका वाक्यात. रागाचे शब्द खोडावेत, आधी घेतलेल्या पोचपावत्यांच्या प्रती जोडाव्यात, आणि अर्ज आवक विभागात देऊन आपल्या प्रतीवर आवक क्रमांक लिहून घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.